बुद्धाच्या देशाचा गुरखा

वर्तमानपत्रात अधूनमधून एखादा लेख येतो. आपला देश केवढा, शेजारचा नेपाळ केवढा. आपली माणसं किती, त्यांची किती. आपण कुठं पोचलो आणि ते कुठं राहिले. लिहिणारा शहाणा असतो, आकडे त्याच्या जिभेवर असतात. मी असा लेख शेवटपर्यंत वाचते आणि मग दिवसभर चिडचिड करते. आमच्या घराला जी तुलना महागात पडली ती ह्या शहाण्यांच्या लेखात कधीच नसते. ती तुलना माझे वडील करायचे, सेलूला, सातवीच्या वर्गात, नकाशावर छडी टेकवून.

वडील प्राथमिक शिक्षक. आम्ही भावंडं त्यांना दादा म्हणायचो, बाकी सगळं जग गुरुजी म्हणायचं. भूगोल त्यांच्या हातचा मळ होता. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची, एका बाजूला भारत लिहायचं, दुसऱ्या बाजूला नेपाळ. भारताला समुद्र, नेपाळला समुद्र नाही. भारतात मैदानं, नेपाळात डोंगर. इकडे लोकशाही, तिकडे राजा. इथवर पुस्तकातलं. मग खडू ठेवून, हात झटकून ते स्वतःच्या मनातलं बोलायला लागायचे. ‘‘ह्या एवढ्या मोठ्या देशानं बुद्धाला हाकलून दिलं. त्या एवढ्याशा देशानं त्याला जन्म दिला. आता तुम्हीच सांगा, मोठा कोण?’’ पोरं एका सुरात नेपाळ म्हणून ओरडायची. त्यातली निम्मी पोरं गावातल्या वरच्या जातींची होती, त्यांच्या घरी हे कळलं असतं तर काय झालं असतं, ह्याची दादांना फिकीर नव्हती. मी त्याच वर्गात बसायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचे.

ह्या वेडाला कारण होतं. दादांची पहिली नेमणूक पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यावर होती. तिथं शाळा देवळात भरायची. पोरं आत सावलीत बसायची आणि गुरुजी आमच्या, खालच्या मानलेल्या जातीचे असल्यामुळं पायरीवर उन्हात उभं राहून शिकवायचे. चहा मिळायचा, नाही असं नाही. एका मोठ्या घराच्या ओसरीबाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात, कान तुटलेली कपबशी ठेवलेली असायची. ती दादांनी काढायची, खाली धरायची, वरून चहा पडायचा. पिऊन झाला की धुवायची आणि परत कोनाड्यात ठेवायची. आणि हे सगळं ‘‘घ्या ना गुरुजी, लाजायलात काय, आणखी घ्या’’ अशा गोड बोलण्यात. शिवी दिली असती तर उलटून शिवी देता आली असती, ह्या गोडव्याला काय उत्तर द्यायचं, असं दादा म्हणायचे. पुढं सेलूला बदली झाली. इथल्या हॉटेलात कुणी जात विचारत नव्हतं, पण भाड्यानं घर देताना मात्र विचारायचे, म्हणून आम्ही रुळापलीकडच्या आमच्याच वस्तीत राहायला गेलो. कपबशी सुटली, पण तोवर दादांचं मन ह्या देशावरून उडालं होतं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसं इथलं काहीच त्यांना गोड लागत नव्हतं.

मग माणूस काय करतो? दुसरीकडं कुठं तरी चांगलं असेल अशी समजूत करून घेतो. आपण धर्म बदलला, तो धर्म ज्याचा तो बुद्ध जिथं जन्मला, त्या मातीत तरी ‘तू कोण’ म्हणून कुणी विचारत नसेल, हे दादांनी मनाशी पक्कं धरलं होतं. जगाच्या पाठीवर अशी एक जागा आहे आणि आपण मरायच्या आत तिथं जाऊन यायचं, एवढ्यावर त्यांचं सगळं चाललं होतं. ते जाऊन येणं म्हणजे लुंबिनी. हेडमास्तरचा त्रास असो, साहेबाची बोलणी असोत, घरातली आजारपणं असोत, दादा रात्री जेवताना म्हणायचे, ‘‘एकदा लुंबिनी करून येऊ, मग बघू.’’ त्यांच्या ह्या आशेवर त्यांचा जीव टांगलेला आहे, हे आम्हा पोरांनाही कळत होतं.

मायला हे पटत नव्हतं. माय शिकलेली नव्हती. मास्तराची बायको असूनही हंगामात जिनिंगला कापूस निवडायला जायची, कारण खाणारी तोंडं बरीच होती. ती तोंडानं फटकळ होती, पण नवऱ्याला चारचौघांत कधी उलट बोलली नव्हती. घरात मात्र भाकरी थापता थापता म्हणायची, ‘‘दुरून डोंगर साजरे असतेत, गुरुजी. जवळ गेल्यावर काटे बी असतेत अन् इंचू बी.’’

दादा हसायचे आणि मला म्हणायचे, ‘‘तुझ्या मायला डोंगर कुठं ठाऊक आहे? तिनं फक्त शिवारातली टेकडी पाहिलीय.’’

अशात त्या जिनिंगच्या फाटकावर नवा गुरखा आला. ठेंगणा, गोरा, डोळे बारीक, खाकी कपडे, कमरेला पट्टा. सगळा गाव त्याला बहादूर म्हणायचा. त्याचं खरं नाव काय हे कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. दादांना बातमी मिळाली तशी ते सायकल काढून बघायला गेले. परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. ‘‘नेपाळचा आहे,’’ म्हणाले. ‘‘खास नेपाळचा. डोंगरातला.’’ बहीण सासरहून आल्यावर व्हावा तेवढा आनंद त्यांना झाला होता.

माय तेव्हा जिनिंगलाच कामाला होती. ती म्हणाली, ‘‘त्याचा माठ येगळा हाय. बायांना शिवू देत न्हाई तो.’’

‘‘थंड मुलखातला माणूस आहे,’’ दादा म्हणाले. ‘‘त्याला गार पाणी लागत असेल.’’

मायनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि चुलीत लाकूड सारलं.

त्याच वर्षी वस्तीत विहार उभा राहिला. विहार म्हणजे विटांच्या भिंती आणि वर पत्रे, पण आमच्या लोकांनी स्वतःच्या हातानं बांधलेला. वैशाखी पौर्णिमेला तो उघडायचा होता. कुणाच्या हातानं, ह्यावर वस्तीत वाद पेटला. काहींना आमदार पाहिजे होता, कारण आमदार आला तर नळ येईल. काहींचं म्हणणं, परभणीहून भंतेजी येणारच आहेत, त्यांच्याच हातानं होऊ द्या. दादा उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘बुद्धाच्या देशाचा माणूस आपल्या वेशीत राहायलाय, अन् तुमी आमदाराच्या मागं लागायलात? उद्या लेकरं इचारतील, तवा काय सांगताल?’’ गुरुजी एरवी शुद्ध बोलायचे. ते असं आपल्या बोलीत आले की लोक विरघळायचे. ठरलं, गुरख्याच्याच हातानं.

आता हसू येतं, म्हणजे हसू नाही, दुसरंच काही तरी येतं. ज्या माणसाला नोकरीसाठी हजार मैल लांब येऊन परक्याच्या सरकीच्या ढिगाची राखण करावी लागते, त्याला आम्ही बुद्धाचा भाऊबंद ठरवून टाकलं. तो कुठल्या जातीचा, कुठल्या देवाचा, लुंबिनी त्यानं कधी पाहिली का, हे विचारावं असं वस्तीत एकाच्याही मनात आलं नाही. विचारणं हेच आम्हाला पाप वाटत होतं, आयुष्यभर लोकांनी आम्हालाच विचारलेलं असल्यामुळं. अशी चूक आमच्यासारखीच माणसं करू शकतात.

तो आला. कडक इस्त्रीचे कपडे, टोपी नीट बसवलेली. सेलूत त्याला इतक्या दिवसांत कुणी कशाचंच आवतण दिलं नव्हतं, त्यामुळं तो जरा बावरला होता. बायांनी त्याला ओवाळलं नाही, आम्ही ते सोडलं होतं, पण फुलं उधळली. त्यानं फीत कापली, बुद्धाच्या मूर्तीपुढं अगदी मनापासून वाकून हात जोडले. भंतेजींनी त्रिसरण पंचशील दिलं. मग दादांचं भाषण झालं, मोठा देश आणि छोटा देश, आणि प्रत्येक वाक्याला ते गुरख्याकडं हात करत होते. त्याला मराठी कळत नव्हतं, तो नुसता मान डोलवत होता. भाषण संपलं आणि खीर वाटायला सुरुवात झाली.

खीर मायनं शिजवली होती. पहिली वाटी पाहुण्याला. दादांनी स्वतःच्या हातानं पुढं केली. गुरख्यानं पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, ‘‘पेट ठीक नहीं है, मास्टरजी.’’ दादांना वाईट वाटलं. ते म्हणाले, काही हरकत नाही, उद्या घरी पाठवतो. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि त्याच्या गळ्यात आणखी एक हार घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिरीचा डबा घेऊन मीच गेले. जिनिंगचा हंगाम संपत आला होता. फाटकाच्या आत सरकीचा ढीग आणि उडालेल्या रुईचा पांढरा थर, बाकी सगळं सामसूम. गुरखा त्याच्या खोलीपुढं स्टुलावर बसला होता. मी डबा पुढं केला तसा तो उठून दोन पावलं मागं सरकला. मारकी म्हैस आली तर सरकावं तसा.

‘‘वापस ले जाओ, बेटी,’’ तो म्हणाला.

मी विचारलं, पोट अजून दुखतंय का.

तो खोटं बोलला नाही. त्याच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल. तो म्हणाला, ‘‘मुनीमजी ने पहले ही बताया था, तुम लोग कौन हो. तुम्हारे बाबूजी अच्छे आदमी हैं, प्यार से बुलाया, तो मैं आया. भगवान को हाथ जोड़ा. मगर पका हुआ मैं नहीं खा सकता. केला लाओ, कच्चा चावल लाओ, वो चलेगा.’’

मी विचारलं, ‘‘आपके देश में भी ऐसा है?’’

त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. ‘‘क्यों नहीं होगा? हमारे गाँव में भी हैं, जूता सीनेवाले, लोहा पीटनेवाले. उनका पानी अलग, बैठना अलग. कानून में मना है, मगर गाँव में कौन मानता है? सब जगह होता है, बेटी.’’ अगदी प्रेमानं सांगितलं त्यानं. त्या कान तुटक्या कपबशीवाल्यांसारखाच गोड.

मी लुंबिनीचं विचारलं. तो म्हणाला, ‘‘वो तो नीचे मैदान में है. मैं कभी नहीं गया.’’

तेवढ्यात जिनिंगच्या शेठच्या घरचा नोकर चहाची किटली घेऊन आला. गुरख्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला काढला आणि खाली धरला. नोकरानं वरूनच चहा ओतला आणि निघून गेला. शेठच्या घरात कांदासुद्धा चालत नव्हता आणि गुरखा मटण खायचा, म्हणून त्या घरचा कप त्याला नव्हता. त्यानं चहा प्यायला, पेला धुतला आणि पुन्हा खिळ्याला अडकवला. मला त्याची कीव यायला पाहिजे होती असं आता लोक म्हणतील. आली नाही. राग आला. स्वतःच्या पेल्यात वरून चहा घेणारा माणूस आमच्या वाटीपासून मागं सरकतो, म्हणजे ह्या उतरंडीत कुणालाच आपल्या डोक्यावरचं मडकं टोचत नाही, फक्त आपल्या खाली एखादं मडकं आहे ना, एवढंच प्रत्येक जण चाचपून बघतो. ते मोठ्या देशातही तसंच आणि छोट्या देशातही.

घरी येईस्तोवर उन्हानं खीर नासली होती. मी रडत रडत सगळं सांगितलं. मायनं डबा घेतला, खीर कोंबड्यांपुढं ओतली आणि डबा राखेनं घासायला बसली. दादा भिंतीला टेकून बसले होते. माझं सांगून संपल्यावर उठले, सदरा घातला आणि सायकल घेऊन जिनिंगकडं गेले.

परत आले तेव्हा ओट्यावर शेजारची चार माणसं बसलेली होती. त्यांनी विचारलं, पाहुण्याचं पोट कसं आहे गुरुजी, खीर खाल्ली का? दादांनी सायकल भिंतीला लावली. म्हणाले, ‘‘पोटाचं काही नव्हतं. उपास होता त्यांचा, पौर्णिमेचा. तिकडं फार कडक पाळतात.’’

‘‘दादा, मला तर तो म्हणला...’’

‘‘तुला हिंदी कुठं नीट येतं?’’ दादा म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

माणसं हळहळली. बघा, किती श्रद्धा, म्हणाली. आपल्याला काय उपास कळतोय, म्हणाली. घरात माय डबा घासतच होती. तो केव्हाच लख्ख झाला होता.

दादांनी असं का केलं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी त्यांना माफ केलं असंही नाही. वस्तीपुढं त्यांचं हसं झालं असतं हे खरं, पण तेवढंच नव्हतं. गुरख्याचं म्हणणं खरं मानलं तर ती जागाच उरत नव्हती. मग निवृत्तीपर्यंत कशाकडं बघत शाळेत जायचं? त्यापेक्षा एक उपास परवडला.

वर्ष गेलं. पोरं फाटकापुढून जाताना गुरख्याला जयभीम घालायची, आणि तोही कपाळाला हात लावायचा. दादा वर्गात पुन्हा फळ्यावर रेघ मारायचे, पण खडू ठेवून बोलायचे ते आता आवाज चढवून बोलायचे. पुन्हा वैशाख आला. विहारात बैठक बसली आणि एक म्हातारी म्हणाली, ‘‘गेल्या साली पाव्हणा उपाशी गेला आपल्या दारातून. औंदा त्याला उपासाचं करा काई तरी. साबुदाणा करा.’’

सगळ्या बायांना ते एकदम पटलं. पण एक जुने गृहस्थ, ज्यांनी सगळ्यांच्या आधी घरातले देव नदीत सोडले होते, ते खवळले. ‘‘उपासतापास सोडले ना आपण? मग इहारात साबुदाणा शिजवायचा? उद्या सत्यनारायण घालताल!’’ दुसरा म्हणाला, आपला उपास नाही, पाहुण्याचा आहे, पाहुण्याचं पाहुण्याला. तिसऱ्यानं विचारलं, बुद्धाच्याच देशात उपास करतात तर मग आपण सोडले ते बरोबर का? ह्यावर भांडण इतकं वाढलं की दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. आणि ह्या सगळ्याला कारण असलेले दादा मधोमध बसून सतरंजीचे दोरे उपटत होते. शेवटी त्यांनीच निकाल दिला की साबुदाणा करायला हरकत नाही. म्हातारी मायकडं वळली. ‘‘तुह्या हाताला चव हाय बाई. खिचडी तूच कर.’’

माय उठून उभी राहिली. बाया बैठकीत बसूनच बोलायच्या, त्यामुळं ती उभी राहिली तेव्हाच सगळे गप्प झाले.

‘‘साबुदाणा वाया जाईल,’’ ती म्हणाली. ‘‘त्याला उपास न्हाई, अन् गेल्या साली बी नव्हता. त्याला आपल्या हातचं शिजलेलं चालत न्हाई. माझ्या लेकीला त्यानं तोंडावर सांगितलं. तिकडं बी हेच हाय. आपल्यावानी माणसं तिकडं बी येगळीच बसतेत.’’

कुणी तरी म्हणालं, ‘‘काय बोलायलीस, बाई?’’

‘‘खरं ते बोलायले. तुमी दोघं भाऊ डोकी फोडून घ्यायलात कशापायी? असल्या माणसापायी?’’

सगळ्यांनी दादांकडं बघितलं. दादांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. मला वाटलं, आता ते सांगतील. मला अगदी खात्री वाटली, कारण ज्या माणसानं पायरीवर उन्हात उभं राहून शिकवलं तो ह्या घडीला खोटं बोलणार नाही.

दादा म्हणाले, ‘‘खोटं बोलतेय ती.’’

मी उठले. ‘‘खोटं नाही! डबा मीच नेला होता, तो मागं सरकला...’’

‘‘तू खाली बस. पोरीच्या जातीला काय अक्कल असते?’’

हे माझे वडील बोलले. जातीवरून आयुष्यभर सोसलेला माणूस हे बोलला, आणि बोलताना त्यांना शब्द शोधावा लागला नाही. लोकांनी मग कुणाचं ऐकायचं, शिकलेल्या गुरुजींचं की कापूस निवडणाऱ्या बाईचं? म्हातारीनं मायचा हात ओढून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, ‘‘नवऱ्यावर राग असंल तर घरात काढावा, बाई. इहारात न्हाई.’’ बाया तोंडाला पदर लावून हसल्या. खिचडी दुसऱ्या एका बाईकडं दिली.

पौर्णिमेला गुरखा आला. त्याच्यापुढं खिचडीचं ताट ठेवलं. त्यानं हात जोडून ते बाजूला सारलं आणि फळांच्या ताटलीतलं एक केळं घेतलं, सोललं, खाल्लं. पुरावा सगळ्या वस्तीपुढं, दिवसाउजेडी, केळं खात बसला होता. मी लोकांच्या तोंडाकडं बघत राहिले, आता तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेल म्हणून. माझ्या पुढ्यातला माणूस शेजारच्याला म्हणाला, ‘‘साबुदाणा बी चालत न्हाई. लय कडक उपास हाय.’’ माय मागं भिंतीशी बसली होती. ती उठली आणि घरी गेली. त्यानंतर दादांचं भाषण असलं की ती विहारात कधी आली नाही.

त्या संध्याकाळी घरात भांडण होईल असं वाटलं होतं. झालं नाही. दादाच म्हणाले, ‘‘तुला बैठकीत बोलायची काय गरज होती? लोकांना एक आधार आहे तेवढा.’’

‘‘लोकायला कशाला पुढं करायलात?’’ माय म्हणाली. ‘‘आधार तुमाला लागायलाय. लागू द्या. पण तुमच्या त्या देशापायी तुमी मला चारचौघांत खोटं पाडलं. मी कुठं जाऊ? मला ह्याच गल्लीत राहायचंय, ह्याच बायांत.’’

गुरखा पुढच्या हंगामाआधी नोकरी सोडून कुठं गेला कुणास ठाऊक. दादांनी चौकशी केली नाही. पण वस्तीत त्याचं नाव राहिलं. विहाराच्या भिंतीवर ‘नेपाळच्या पाहुण्यांच्या हस्ते’ असं रंगवलेलं होतं.

सत्तरचं दशक संपता संपता परभणीहून एक मंडळी बुद्धगया, सारनाथ, कुशिनारा आणि लुंबिनी करायला निघाली. दादांनी नाव घातलं. मायला म्हणाले, चल. इतकी वर्षं दोघांनी जायचं ठरलेलं होतं. माय म्हणाली, ‘‘तुमी या जाऊन. मला काई पाहायचं न्हाई.’’ पण त्यांच्या शिदोरीत तिनं कुठं हात आखडला नाही. दुधातल्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, चिवडा केला, भाजलेलं पीठ बांधून दिलं. दादा म्हणत होते आणखी दे, आणखी दे. मला वाटलं, बरोबरच्यांना वाटायचं असेल. मनमाडला गाडी बदलायची म्हणून ते सकाळच्याच गाडीनं गेले. मी आणि भाऊ स्टेशनवर सोडायला गेलो, माय आली नाही.

परत आले ते अर्धे होऊन. गालफडं बसलेली, सदरा खांद्यावरून ओघळलेला. आल्या आल्या वस्ती गोळा झाली. विहारात माणूस मावेना. दादा बोलले, आणि चांगलं बोलले. लुंबिनी डोंगरात नाही, म्हणाले, आपल्या शिवारासारखीच सपाट आहे, काळी नाही एवढंच. दगडी खांब आहे, तळं आहे, वाऱ्यानं सळसळणारा पिंपळ आहे. लोक साधे. देश गरीब, पण मनानं श्रीमंत. मोठ्या देशानं शिकावं असा. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हातारीनं दादांच्या पायाची धूळ कपाळाला लावली, ती त्या मातीतून आली म्हणून.

दादा घरी आले तेव्हा माय उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. त्यांनी पिशवी ठेवली. तिनं त्यांना पाणी दिलं, त्यांच्या अंगाकडं बघितलं आणि एकच विचारलं, ‘‘तिथं इचारलं का कुणी?’’

‘‘न्हाई,’’ दादा म्हणाले. घरातसुद्धा ते तिच्याशी असं आपल्या बोलीत क्वचितच बोलायचे.

माय पुन्हा सूप पुढं ओढायला लागली. दादा पाण्याचा तांब्या हातात धरून उभेच होते. मग खाली बसले, तिच्यासमोर, जमिनीवरच.

‘‘मी कुणाकडं गेलोच न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘बाकीचे जेवायला बसले की मी लांब झाडाखाली जाऊन तुझी दशमी खायचो. संपल्यावर पीठ कालवून खाल्लं. चहा बी घेतला न्हाई कुणाचा. कुणाला इचारायला जागाच दिली न्हाई मी.’’